गाडीची हळद

"वैजू, हा काटा तांबड्यात गेला की काय होतं गं?" नलूआत्यानं विचारलं.

मी समोरच्या वळणाकडे बघत होते. परवाना हातात पडून अकरा दिवस झाले होते आणि वळण आलं की मला दुसरं काही सुचत नसे.

"कुठला काटा?"

"हा. थर्मामीटरचं चित्र आहे बघ त्याच्याजवळ. तो आता तांबड्याच्याही पलीकडे गेलाय. आणि पुढून धूर येतोय, तो आपलाच का?"

धूर आपलाच होता. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ अशी उसळली की रस्ताच दिसेना. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. आत्यानं दोन्ही हातांनी मांडीवरचं ताट धरलं, ताट वाचलं, तिचं कपाळ मात्र समोर आपटलं. "ताट ठीक आहे," ती म्हणाली, आणि मग कपाळ चोळायला लागली.

ताटात माझ्या भावाची, हेमंतची, उष्टी हळद होती. पहाटे पाच सवाष्णींनी त्याला लावलेली, वाटीत उरलेली. ती नवरीकडे पोचायची, मग नवरीला लागायची, मग तिची आंघोळ, मग बारा पस्तीसचा मुहूर्त. वऱ्हाडाची बस मागाहून निघणार होती. हळद पुढे न्यायचं काम करवलीचं, म्हणजे माझं. साताऱ्याहून निघालो तेव्हा सगळे फाटकापर्यंत आले होते, आणि प्रत्येकानं मला गाडी सावकाश चालव आणि लवकर पोच अशा दोन्ही सूचना दिल्या होत्या.

लवकर पोचणं भाग होतं, कारण नवरीचे आजोबा. त्यांना सगळे तात्या म्हणत. साखरपुड्याला आम्ही तीन तास उशिरा गेलो होतो. आमच्या घराण्यात वेळेवर पोचणं थोडं कमीपणाचंच मानतात. तात्यांनी तेव्हा जेवणाची पंगत उठवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "हळद दहाच्या आत दारात आली तर लग्न. दहा वाजून एक मिनिट झालं तर मांडव सोडून ठेवीन. पुन्हा पुढच्या वर्षी बघू." कुणी हसलं नाही. या माणसानं स्वतःच्या पुतणीचं आलेलं वऱ्हाड वेशीवरून परत पाठवलं होतं, हे माण तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तिथून निघताना नवरीनं, रोहिणीनं, मला कोपऱ्यात ओढलं होतं. "वैजू, हळद तूच आण. तुमच्यातल्या दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." मी तिला शब्द दिला होता.

आता नऊला दहा कमी होती, रोहिणीचं गाव अठरा किलोमीटर लांब होतं आणि आमची गाडी उघड्या माळावर किटलीसारखी वाफ सोडत होती. फोन कुणाकडे नव्हता. वर्ष दोन हजार.

नशिबानं शंभर पावलांवर एक पत्र्याची शेड दिसली. दारात टायर रचलेले, पाण्यानं भरलेलं लोखंडी पिंप आणि पाटी: 'रामहरी पंक्चर'. रामहरी स्वतः खाटेवर बसून चहा पीत होता. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, चहा संपवला आणि मगच उठला.

"झाकणाला हात लावू नगा," तो लांबूनच ओरडला. "भाजंल. निवू द्या आधी."

"किती वेळ?"

"ईस मिंटं."

"आमच्याकडे वीस मिनिटं नाहीत हो!"

"मंग भाजून घ्या," तो म्हणाला.

वीस मिनिटं आम्ही त्याच्या खाटेवर बसलो. ताट आत्याच्या मांडीवर. आत्या क्रीम रंगाच्या, काठ नसलेल्या साडीत, पाठ ताठ ठेवून बसली होती. तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत पाढे शिकवून ती नुकती निवृत्त झाली होती. खरं तर हळदीबरोबर काकू आणि तिच्या दोन जावा यायच्या होत्या. पण गाडी मी चालवणार म्हटल्यावर एकीला मळमळायला लागलं, दुसरीचा पाय मुरगळला आणि काकूला अचानक आठवलं की पुरणाकडे बघायला कुणी नाही. राहता राहिली आत्या. ती कुणी विचारायच्या आत गाडीत जाऊन बसली होती.

काकूनं खिडकीतून ताट आत दिलं तेव्हा बजावलं होतं, "नलूताई, ताट नुसतं मांडीवर ठेवा हं. हळदीला हात नको. सवाष्णींच्या हातची आहे." आत्याचं लग्न झालेलं नव्हतं. तिनं मान डोलावली आणि ताटाखाली रुमाल घातला. मला काकूचा राग आला होता. मी गप्प बसले, त्याचा त्याहून जास्त आला होता.

रामहरी गाडीखाली शिरला आणि चिखल घेऊन बाहेर आला. हाताला हिरवट पाणी लागलं होतं.

"रेडेटरच्या जाळीला खाली भोक हाय. सुईएवढं. हे आजचं न्हाय बाई, लई दिवसांचं हाय. खाली थेंब पडत नव्हते का घरी?"

"नाही," मी म्हणाले.

"हिरवे थेंब? दिसत्यात की सकाळी."

"नाही दिसले."

तो टायरकडे गेला. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार दिवस त्या थेंबांवर रांगोळी कोण काढतंय मग? आपल्याकडे अंगणात गाडीखाली रांगोळी काढायची पद्धत कधी सुरू झाली?"

माझे कान तापले. खरं होतं. चार दिवस रोज सकाळी गाडी मागे घेऊन मी थेंबांवर रांगोळी घालत होते. बाबांना कळलं असतं तर गाडी गॅरेजला गेली असती आणि हळद न्यायला काकांची जीप निघाली असती, काका आणि काकूसह. अकरा दिवसांच्या परवान्याला पुन्हा कधी घाट दिसला असता कुणास ठाऊक.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुला गाडी दिली असती?"

"नाही."

"आणि जीपमधून मला कुणी नेलं असतं?" आत्या म्हणाली. "मी आजपर्यंत एकाही लग्नाची हळद पोचवायला गेलेली नाही, वैजू. वाटलं, होईल ते होईल. थेंबथेंबच तर होते."

अशा आम्ही दोघी चोर त्या खाटेवर बसलो होतो. मी घाबरलेली, आणि खरं सांगते, हसूही दाबत होते.

रामहरी परत आला. "ट्यूब असती तर पाच मिंटांत ठिगळ मारलं असतं. ह्याला ठिगळ बसत न्हाय. कथलानं झाळून घ्यावं लागंल, ते दहिवडीला."

"पण आम्हाला दहाच्या आत पोचायचंय! लग्न मोडेल हो!"

त्यानं टॉवेल सोडला, परत बांधला. "एक उपाव हाय. टरकवाले करत्यात. जाळीत हळद घालायची. ती पाण्यासंगं फिरती आन् भोकात जाऊन बसती. ईस-पंचवीस किलोमीटर निभतंय. पर हितं हळद न्हाय. घर डोंगराच्या पल्याड, आन् कारभारीण माहेरी गेलीया. दुकान म्हंजे मागं सात किलोमीटर." मग तो आमच्या तोंडांकडे बघायला लागला, कारण आम्ही दोघीही एकाच वेळी ताटाकडे बघत होतो.

"तुमच्यापाशी हाय व्हय हळद?"

"नाही," मी म्हणाले.

"आहे," आत्या म्हणाली.

"आत्या, ती उष्टी हळद आहे!"

"उष्टी आहे म्हणूनच. कोरी असती तर विचार केला असता."

आधी आम्ही शहाणपण म्हणून ताटातल्या करंड्यातली कोरडी हळद काढली. ती चिमूटभर निघाली. रामहरीनं तळहातावर घेऊन बघितली आणि म्हणाला, "हिनं मुंगीबी थांबायची न्हाय." राहिली वाटी. तेल-पाण्यात कालवलेली, पिवळीधम्मक, वर हेमंतच्या दाढीचा एक केस असलेली.

"निम्मी पुरेल?" आत्यानं विचारलं.

"निम्म्याला थोडी जास्ती."

"नवरीला उरेल ना?"

"नाकाला लावण्यापुरती उरंल की."

गाडी आता निवली होती. रामहरीनं झाकणावर ओला टॉवेल टाकून ते उघडलं आणि पिंपातलं पाणी आत ओतलं. मग हात झटकून मागे सरला. "हळद म्या घालणार न्हाय. ग्रीसचं हात माझं, आन् लग्नाची चीज हाय. घरच्या बाईनं घालावी." मग माझ्याकडे बोट केलं. "ही पोरगी गाडी चालू करून बसंल. मी म्हणलं की हळू पाय द्यायचा. हळू."

राहिलं कोण?

आत्यानं वाटीकडे पाहिलं. ताटाला खालून धरायची सवय झालेले तिचे हात तसेच हवेत राहिले. "हळदीला हात नको म्हणालीय ती," ती हळूच म्हणाली. शाळेतली मुलं जिला बघून सरळ बसायची, ती बाई पहिल्यांदा मला लहान वाटली.

"काकू पुरण बघतेय," मी म्हणाले. "तू हळद बघ."

आत्यानं पदर खोचला. बांगड्या वर सारल्या. आणि दोन बोटं नाही, सबंध हात वाटीत घातला. पहिला गोळा तिनं आत सोडला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं पिवळ्या हातानं गाडीच्या बॉनेटला पाच बोटं ओढली. "हिलाही लागू दे," ती म्हणाली. दुसरा गोळा, तिसरा गोळा. आम्ही कार्याच्या घरी असतो तर कुणीतरी गाणं म्हटलं असतं. इथं रामहरीच म्हणाला, "हां, आता जरा फिरू द्या. पोरी, हळू पाय दे."

मी पाय दिला. हळूच दिला होता, असं मी आजही म्हणेन. पण इंजिन भुंकलं, आणि जाळीच्या उघड्या तोंडातून कोमट हळदीचं पाणी पुरुषभर उंच उडालं. ते तिथं काही क्षण उभं राहिलं, असं मला खिडकीतून वाकून बघताना दिसलं, आणि मग ते सगळं नलूआत्याच्या डोक्यावर पडलं.

मी गाडीतून बाहेर उडी मारली. "आत्या! भाजलं का? आत्या!"

आत्या वाटी छातीशी धरून उभी होती. केस पिवळे, भुवया पिवळ्या, नाकाच्या टोकावरून पिवळे थेंब गळत होते. क्रीम साडीत क्रीम असं काही उरलं नव्हतं. रामहरीच्या टॉवेलचाही अर्धा भाग गेला होता.

मग रामहरी अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाई, तुमची हळद झाली."

मला वाटलं, आता आत्या रडेल. तिचा ओठ हललाही. आणि मग ती हसायला लागली. मी माझ्या आत्याला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. तिला खाटेवर बसावं लागलं. "अठ्ठावन्नाव्या वर्षी," ती मधेच म्हणे आणि पुन्हा हसे. "रामहरी, मुहूर्त किती वाजताचा धरलात हो?" मीही बसले, रामहरीही उकिडवा बसला, आणि लग्न मोडायला अर्धा तास उरलेला असताना आम्ही तिघं त्या माळावर पोट धरून हसत होतो. हसता हसता तिनं एकदा दोन्ही तळहात गालांना लावले आणि डोळे मिटून तसेच ठेवले. तेवढाच वेळ ती हसत नव्हती.

"थेंब थांबलं!" रामहरी गाडीखालून ओरडला. "पळा आता!"

पळालो. आत्या एका हातानं वाटी धरून आणि दुसऱ्या हाताचं बोट काट्यावर ठेवून मला वर्गात सांगावं तसं सांगत होती, "काळ्यात आहे. काळ्यात आहे. तांबड्याच्या अलीकडे आहे. हळू. जोरात. समोर म्हैस." गाडीत उकडलेल्या हळदीचा असा वास सुटला होता की मला भूक लागली.

दहाला चार मिनिटं कमी असताना आम्ही मांडवापुढे उभ्या राहिलो. सनई थांबली. दारात तात्या घड्याळ हातात धरून उभे होते, त्यांच्यामागे तीस-चाळीस बायका. सगळ्यांनी आधी गाडी बघितली. बॉनेटवर पिवळी पाच बोटं, जाळीतून पिवळे ओघळ, वरून सुगंधी वाफ. मग दार उघडून आत्या उतरली.

"हे काय आहे?" तात्यांनी विचारलं.

गाडी गळत होती आणि मला ते ठाऊक होतं, हे या माणसाला सांगायचं तर मांडव आत्ताच सुटला असता. रोहिणी खिडकीत दिसत होती.

आत्यानं डोळ्यांवर आलेली पिवळी बट मागे सारली आणि पाढा म्हणावा तशा आवाजात म्हणाली, "आमच्यात पद्धत आहे."

"कसली पद्धत?"

"नवऱ्याची हळद नवरीकडे जाते, तर जी गाडी ती आणते तिलाही आधी लावायची. वाटेत, उघड्यावर. आणि ती लावायची घरातल्या बिनलग्नाच्या बाईनं. तिचा मान असतो तो. मग तिलाही लागते."

"बिनलग्नाच्या? ते का?"

"तिला घरी परतायची घाई नसते," आत्या म्हणाली. "सगळं नीट पोचवूनच ती परतते."

तात्यांनी घड्याळाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग आपल्या घरच्या बायकांकडे वळले. "बघा! उशीर करत असतील, पण पद्धतीला पक्की माणसं आहेत. हळद घ्या आत!"

वाटीत अंगठ्याएवढी हळद होती. कुणीतरी कुजबुजलं, एवढीशीच? आत्या म्हणाली, "उष्टी म्हणजे उरलेली. किती उरणार?" रोहिणीच्या नाकाला, गालांना आणि हातांना ती पुरली. बारा पस्तीसला अक्षता पडल्या.

परत येताना वाटेत थांबून थांबून जाळीत पाणी ओतत होतो, तेव्हा आत्यानं माझ्याकडून वचन घेतलं. कुणाला काही बोललीस तर रांगोळीचं सांगीन, म्हणाली. पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्यानं रेडिएटर खोलला आणि झाळण्याआधी बाबांना विचारलं, "साहेब, ह्यात बटाट्याची भाजी केली होती का?" आत्या पेपर वाचत होती.

पण खरी गंमत पुढेच झाली. दोन वर्षांनी रोहिणीच्या भावाचं लग्न निघालं. जावयाच्या घरची पद्धत आहे, मोडली तर जावई रुसतील, म्हणून तात्यांनी स्वतः उभं राहून जीपला हळद लावून घेतली आणि त्यासाठी वाईहून एक बिनलग्नाची चुलतबहीण गाडी पाठवून आणवली. मग आमच्या चुलतभावाचं ठरलं. काकू म्हणाली, "रोहिणीच्या माहेरची पद्धत आहे ही. नाही केलं तर काय म्हणतील ते?" आणि ती आपण होऊन वाटी घेऊन आत्याकडे आली. ते आमची पद्धत समजून करत होते, आम्ही त्यांची समजून. विचारायला कुणीच गेलं नाही, कारण दुसऱ्याच्या पद्धतीबद्दल विचारायचं नसतं. नलूआत्यानं घरातल्या सात लग्नांत सात गाड्यांना हळद लावली. दर वेळी बॉनेटआडून माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करी. पाच वर्षांपूर्वी ती गेली. कुणाला काही न सांगता गेली.

गेल्या मे महिन्यात हेमंतच्या मुलाचं, अद्वैतचं, लग्न होतं. सकाळी मी मागच्या अंगणात पाहुण्यांचे चहाचे कप मोजत होते. पुढे त्याची बहीण फोनसमोर उभी राहून मैत्रिणींना सांगत होती, "ही आमच्याकडची खूप जुनी पद्धत आहे. पणजीच्या वेळेपासूनची." मला ठसका लागला.

"अगं, पण गाडीला लावणार कोण?" कुणीतरी विचारलं. "नलूआत्या तर नाहीत आता."

"कोण म्हणजे?" हा काकूचा आवाज. ती आता ऐंशीची आहे, खुर्चीतूनच सगळं चालवते. "वैजूला बोलवा. घरात दुसरी कोण आहे बिनलग्नाची? तिचा मान आहे."

एकोणपन्नासाव्या वर्षी, हातात कपांचा ट्रे घेऊन, मी दारात आले. सगळे बाजूला झाले. काकूनं मांडीवरची वाटी उचलून माझ्यापुढे धरली.

"घे," ती म्हणाली. "बोट नको गं. चांगला हात बुडवून घे."

मी हात बुडवला. हळद गार होती. मला आत्या इतकी आठवली की समोरचं काही दिसेना, आणि तरी हसू येत होतं. मी खाली वाकले.

"आत्या, गाडीखाली काय बघतेस?" अद्वैतनं विचारलं.

जमीन कोरडी होती. एकही थेंब नव्हता.

"काही नाही," मी म्हणाले. "बॉनेट उघड. आमच्यात पद्धत आहे."